मुक्काम आधी, बाकी मग: जपानच्या हिवाळ्याविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी अंकात मी जपानच्या हिवाळी सहलीविषयी लिहिलं होतं. टोकियो, कानाझावा, शिराकावा-गो, ताकायामा, कोयासान आणि क्योटो अशी ती वाट होती. प्रत्येक ठिकाणी आम्ही कुठल्या घरात, कुठल्या देवळात उतरलो, हेही त्यात होतं. तेव्हापासून पत्रं येतायत. राजारामपुरीत भाजी घेताना थांबवून विचारणारेही भेटले. बहुतेकांना काय काय बघायचं ते हवंय. मी मात्र प्रत्येकाला आधी विचारते, राहणार कुठे? उन्हाळ्यातल्या सहलीत खोली फक्त झोपण्यापुरती असली तरी चालून जातं. थंडीतल्या सहलीत दिवस चिमूटभर आणि रात्र लांबलचक असते. ती रात्र कुठल्या छपराखाली जाते यावर सगळी सहल तोललेली असते.

*

ताई, आम्ही चौघं, म्हणजे मी, सौ., थोरले भाऊ आणि वहिनी, नाताळच्या सुट्टीत जपानला जायचं म्हणतोय. एका सहल कंपनीचं पत्रक आलंय. आठ रात्रींत सहा हॉटेलं आहेत. बघून तर सगळं होतंय. पैसे भरू का?
*एक वाचक, इचलकरंजी*

कार्यक्रम बदलून मिळेपर्यंत भरू नका.

डिसेंबरच्या शेवटी टोकियोत साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. आपल्याकडे त्या दिवसांत सहा वाजेपर्यंत उजेड असतो, म्हणून पत्रक वाचताना हे लक्षात येत नाही. आता हिशेब करा. सकाळी उठून, नाश्ता करून, चौघांच्या बॅगा बांधून खोली सोडायची. मग स्टेशन, मग गाडी. पुढच्या गावात पोचेपर्यंत दुपार होते, जेवण होईस्तोवर दोन-अडीच वाजतात, आणि बघायला उरतात जेमतेम दोन तास. असं आठ दिवसांत पाच वेळा करायचं. वहिनींच्या वयाच्या माणसाला घरी आल्यावर त्यातलं काय आठवेल सांगा?

दुसरी गोष्ट बर्फाची. पत्रकावर बर्फाचा फोटो आहे म्हणून सगळीकडे बर्फ मिळेल असं धरून चालू नका. सायबेरियाकडून येणारा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो, मधल्या डोंगररांगांना अडतो आणि पश्चिमेकडच्या अंगाला बर्फ टाकून मोकळा होतो. आपल्या सह्याद्रीचं पावसाचं जे गणित, तेच तिकडे बर्फाचं. गगनबावड्याला धो धो कोसळतो आणि जतला आभाळ कोरडं. टोकियो त्या कोरड्या बाजूला. हिवाळ्यात तिथे स्वच्छ निळं आकाश आणि बोचरा वारा असतो, बर्फ क्वचित पडतो. कानाझावा, शिराकावा-गो, ताकायामा ही बर्फाची गावं. त्यातही डिसेंबरअखेर बर्फ असेलच असं नाही. खात्रीचा बर्फ हवा असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. भाऊ आणि तुम्ही दोघंही आता धंदा मुलांवर सोपवून मोकळे असाल, तर नाताळची सुट्टी कशाला धरताय?

कारण तिसरी अडचण नव्या वर्षाचीच आहे. साधारण २९ डिसेंबर ते ३ जानेवारी हा जपानी माणसाचा घरी जायचा सण. आपल्या दिवाळीला जशी गावाकडच्या एसटीत जागा मिळत नाही, तशीच गत तिकडे. या गर्दीच्या दिवसांत टोकियो-क्योटो मार्गावरच्या नोझोमी नावाच्या बुलेट ट्रेनना विनाआरक्षण डबा नसतो. संग्रहालयं बंद, छोटी दुकानं बंद, घरगुती खानावळी बंद. आणि उघडी असलेली हॉटेलं वर्षातल्या सर्वांत चढ्या भावाने.

सुट्टी तीच धरावी लागणार असेल, तर मग तो सणच बघायला जा. ३१ डिसेंबरची रात्र क्योटोत काढा, आणि खोली एखाद्या मोठ्या देवळापासून चालत जाता येईल अशी घ्या. मध्यरात्रीच्या सुमाराला देवळांमधून १०८ टोल दिले जातात. चिओन-इन देवळाची घंटा एवढी अवजड आहे, की तिच्यावर आदळायचा ओंडका मागे खेचायला सतरा भिक्षू दोर धरतात. आधी कोणीतरी मोठ्याने काही म्हणतं, बाकीचे एकसुरात साथ देतात, दोर ताणले जातात, आणि मग तो आवाज कानांआधी छातीत येतो. लोक तासन्‌तास थंडीत रांगेत उभे असतात, पण ढकलाढकली नाही. हे बघायला मी पुन्हा जाईन.

तुमच्यासाठी मी चार मुक्काम सुचवते: टोकियोला दोन रात्री, कानाझावाला दोन, कोयासानला एक आणि उरलेल्या क्योटोत. २०१५ साली शिनकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन कानाझावापर्यंत गेली, त्यामुळे टोकियोहून अडीच तासांत पोचता. तिथली केनरोकुएन बाग बघायला दोन सकाळी द्या. पश्चिमेकडचा बर्फ ओला आणि जड असतो, झाडांच्या फांद्या मोडतात. म्हणून १ नोव्हेंबरपासून माळी झाडाशेजारी उंच खांब रोवतात आणि त्याच्या टोकापासून एकेका फांदीला दोर बांधत जातात. सगळं झालं की झाडावर दोरांचा शंकू उभा राहतो. मी एका पाइनखाली उभी राहून गाठी बघत होते. प्रत्येक गाठीखाली फांदीची साल सोलू नये म्हणून काळजी घेतलेली. एका झाडासाठी शेकडो दोर. माणसं झाडाला इतकं जपतात, हे समजायला दहा मिनिटांचा थांबा पुरत नाही, आणि पत्रकात दहाच मिनिटं दिलेली असतात.

*

सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, गुडघे कुरकुरतात. आम्ही जैन, घरात कांदा-लसूण येत नाही. तुम्ही कोयासानच्या देवळातल्या मुक्कामाविषयी लिहिलंत, तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतलाय. झेपेल का?
*एक वाचिका, जयसिंगपूर*

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. झेपेल, पण आधी चार गोष्टी नीट ठरवून जा.

कोयासान म्हणजे ओसाकाच्या दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवरचं देवळांचं गाव. कूकाई नावाचा भिक्षू ८०४ साली चीनला गेला, तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडून संस्कृत शिकला, परत आला आणि ८१६ साली सम्राटाकडून त्याने ही जागा मिळवली. आज तिथल्या शंभरावर देवळांपैकी पन्नासेक देवळांत उतरता येतं. १८७२ सालापर्यंत बायकांना या डोंगरावर प्रवेश नव्हता. वेशीवरच्या एका देवळात थांबून, बाहेरूनच नमस्कार करून त्या परतायच्या. ते देऊळ अजून आहे, बस त्याच्यावरून जाते. सासूबाईंना तिथे थोडा वेळ उतरवा.

आता जेवण. देवळातलं जेवण पूर्ण शाकाहारी असतं. मांस-मासे नाहीत, अंडं नाही, कांदा-लसूण नाही. सार समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या अळंब्यांवर करतात. लाल लाखेच्या बुटक्या चौरंगांवर दहा-बारा वाट्या येतात. तिळाच्या वाटणाचं आणि कुड्झू नावाच्या वेलीच्या मुळांच्या सत्त्वाचं मऊसूत गोमा-दोफू असतं. पूर्वी या डोंगरावरच्या थंडीत गोठवून वाळवायचे ते तोफू, म्हणजे रस शोषून फुगलेलं कोया-दोफू असतं. शिवाय भाज्यांची भजी, लोणचं, भात. गोमा-दोफू तोंडात ठेवल्यावर माझ्या आईने केलेली तिळाची चटणी आठवून मला भरून आलं होतं, आणि चवीत तर तिखटाचा लवलेशही नव्हता.

पण जैन घरासाठी तीन अडचणी आहेत, त्या कुठल्या पत्रकात येत नाहीत. पहिली, कंदमुळं. मुळा, गाजर, कमळकाकडी आणि कोन्याकू नावाच्या कंदाचे जेलीसारखे तुकडे जवळपास रोज असतात. दुसरी, अळंब्या. त्या नुसत्या भाजीत नसतात, सारातही उतरलेल्या असतात. तिसरी सगळ्यांत मोठी. रात्रीचं जेवण साडेपाच ते सहाला देतात, आणि हिवाळ्यात तेव्हा अंधार पडलेला असतो. सासूबाई सूर्यास्तानंतर जेवत नसतील, तर ते ताट त्यांच्यासाठी नाही. देवळाला वेळ बदलायला सांगू नका, वीस-पंचवीस पाहुण्यांचं एकत्र रांधलेलं असतं. दुपारी तीनला खोली ताब्यात मिळते. तेव्हा खोलीत चहाचं गरम पाणी तयार असतं. घरचा खाकरा, दशमी, मेतकूट, गूळ असं बांधून न्या आणि चारच्या आत त्यांचं उरकून घ्या. आरक्षण करतानाच लिहा की एका व्यक्तीला रात्रीचं जेवण नको. बाकीच्यांसाठी काय वर्ज्य ते तेव्हाच कळवा, दारात पोचल्यावर नाही.

एक सावधगिरी. देवळाबाहेर पडलात की ‘भाजी आहे’ एवढ्या उत्तरावर विसंबू नका. जपानमधलं साधं मिसो सूप, उकडलेली भाजी, नूडल्सचं पाणी यांत बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. ‘माशाचा अर्कही चालत नाही’ हे वाक्य जपानी अक्षरांत छापून सगळ्यांच्या खिशात ठेवा.

गुडघ्यांचं म्हणाल तर खोलीत तातामीच्या चटया आणि जमिनीवर गाद्या. काही देवळांत पलंगाच्या खोल्या आहेत, त्या आधी भरतात. त्या मिळाल्या नाहीत तर निदान खुर्ची मागा. मागितल्यावर उंच स्टूल आणून देतात, प्रार्थनेच्या जागीही. बऱ्याच देवळांत संडास-न्हाणीघर खोलीबाहेर असतं आणि मधला लाकडी व्हरांडा बर्फासारखा गार असतो. म्हणून खोली खालच्या मजल्यावरची, संडासाजवळची मागा. हे मागण्यात संकोच करू नका.

ओकुनोइनची स्मशानवाट सुमारे दोन किलोमीटर आहे. जुन्या सुगी वृक्षांखाली दोन लाखांवर समाधिस्तंभ, त्यांच्या डोक्यांवर बर्फाच्या टोप्या. बसने ओकुनोइन-माए थांब्यापर्यंत गेलात तर चालणं निम्मं वाचतं. वाटेवरचा दगड बर्फाने निसरडा होतो. बुटांना खालून अडकवायच्या काटेरी पट्ट्या मिळतात, त्या घेतल्याशिवाय सासूबाईंना नेऊ नका. शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढायचे नाहीत, डोक्यावरचं काढायचं. कूकाई तिथे अजून ध्यानात बसलेले आहेत अशी श्रद्धा आहे आणि दिवसातून दोनदा त्यांच्यासाठी जेवण नेतात. पहाटे सहाचं ताट जाताना बघायला मिळालं तर बघा.

सकाळच्या प्रार्थनेनंतर काही देवळांत अग्निविधी होतो. समिधा रचलेल्या, तूप नाही पण तेल, मंत्र, ढोल, आणि ज्वाळा वर चढत जाते. आपल्याकडचा होमच तो, चीनमार्गे गेलेला. सासूबाई तिथून उठायला तयार होणार नाहीत, तेव्हा पुढची गाडी सकाळी दहाच्या आतली धरू नका.

*

गवताच्या छपराच्या घरात खरंच राहता येतं का? थंडी वाजत नाही का?
*एक वाचक, पन्हाळा*

राहता येतं, आणि थंडी वाजते.

शिराकावा-गोतल्या ओगिमाची वाडीत ही घरं आहेत. १९९५ पासून ती जागतिक वारसा आहेत. छपराचा उतार साधारण साठ अंशांचा, म्हणजे बर्फ टिकू नये इतका. मोठमोठी लाकडं खिळ्यांनी जोडलेली नाहीत. ती दोरांनी आणि पिळलेल्या फांद्यांनी बांधलेली आहेत. वरच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. छप्पर शाकारायची वेळ आली की अख्खा गाव एका घरावर चढतो. या घरी आज, त्या घरी पुढच्या वर्षी. आपल्याकडचा सावड जसा.

आम्ही उतरलो ते घर एक आजी आणि त्यांची सून चालवतात. मधल्या खोलीत जमिनीत चौकोनी चूल, इरोरी. तिच्यावर छतापासून आकड्याला टांगलेली किटली. भोवती राखेत काड्यांना टोचलेले नदीतले मासे तिरके उभे करून भाजत होते. धूर डोळ्यांत जायचा, तर आजी हातवारे करून सांगत होत्या की धूर हवा. तो वर माळ्यातून जातो, गवत आणि दोर कोरडे ठेवतो, कीड लागू देत नाही. चूल थंड पडलेल्या घराचं छप्पर लवकर कुजतं. मग मीही डोळे पुसत तिथेच बसले.

बसायला दुसरी जागा कोतात्सू. बुटकं मेज, त्याच्याखाली बसवलेला हीटर, आणि मेजावरून चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलेलं जाड पांघरूण. पाय आत घालायचे आणि पांघरूण कमरेपर्यंत ओढून घ्यायचं. पाय भाजतील इतके गरम आणि नाक गारठलेलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला दिवसभराचे पाहुणे बसने निघून जातात, गाव एकदम मोकळं होतं, आणि त्यानंतरची संध्याकाळ फक्त मुक्कामाला असलेल्यांची. या चार तासांसाठीच तिथे राहायचं. दुपारी ताकायामाहून पन्नास मिनिटांच्या बसने येऊन दोन तासांत परत जाणाऱ्याला ते कसं मिळणार?

रात्री रॉकेलचा हीटर बंद करायला सांगतात, आगीची भीती असते. अंगावर दोन जाड दुलया देतात. कानटोपी घालून झोपा. भिंती म्हणजे सरकते पडदेच, शेजारच्या खोलीतला खोकला ऐकू येतो. न्हाणीघर सामायिक, आणि घरात शिरताना चार-साडेचारच्या पुढे जाऊ नका, जेवणाची तयारी त्या हिशेबाने चाललेली असते. जेवणात हिदा भागातलं गोमांस वाढण्याची रीत आहे. चालत नसेल तर आरक्षण करतानाच लिहून कळवा. आमच्या ताटात त्याऐवजी अळंब्या आणि तोफू आलं, आणि आजींनी कसलाही चेहरा केला नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत काही ठरावीक संध्याकाळी गावावर दिव्यांचा झोत सोडतात. त्याला आधी नोंदणी लागते. त्या दिवशीच्या खोल्या मिळवण्यासाठी जीव काढू नका. साध्या दिवशी गाव जास्त गाव असतं.

*

आमचं नुकतंच लग्न झालंय. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या हॉटेलात राहायचंय, पण तिथे कपडे न घालता सगळ्यांबरोबर आंघोळ करतात म्हणे. बायको ऐकून घाबरली आहे.
*एक वाचक, कागल*

बायकांची आणि पुरुषांची कुंडं बहुतेक ठिकाणी वेगळी असतात, हे तिला आधी सांगा. तरीही मन होत नसेल तर ‘काशिकिरी’ म्हणजे तासाभरासाठी फक्त तुम्हा दोघांना मिळणारं न्हाणीघर असलेलं हॉटेल निवडा. बऱ्याच ऱ्योकानमध्ये, म्हणजे जपानी पद्धतीच्या हॉटेलांत, ते असतं, थोडे जास्त पैसे पडतात.

ज्या बायका सामायिक कुंडात जायचं धाडस करतात, त्यांच्यासाठी बाईमाणूस म्हणून सांगते. आत शिरल्यावर भिंतीलगत बुटकी स्टुलं आणि नळ असतात. तिथे बसून साबणाने डोक्यापासून पायापर्यंत स्वच्छ व्हायचं, साबणाचा कणही राहू द्यायचा नाही, केस वर बांधायचे आणि मग पाण्यात उतरायचं. छोटा पंचा बरोबर असतो. तो पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. कोणी कोणाकडे बघत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या ऐंशीच्या घरातल्या बाईने मला खुणेने पाठ चोळून देऊ का विचारलं, आणि दिलीही. माहेरी न्हाणीत आजी पाठ चोळायची, त्यानंतर कोणी अशी चोळली नव्हती. तिचे हात खरखरीत होते. संकोच तिथेच गेला.

पाणी ४०-४२ अंशांचं असतं. रक्तदाब असलेल्यांनी पाच मिनिटांत बाहेर यावं, आणि दारू घेऊन कोणीही उतरू नये. गोंदण असेल तर बऱ्याच ठिकाणी प्रवेश नाकारतात, तुमच्या हातावर नाव असेल तर आधी विचारा. आंघोळीनंतर घालायच्या युकाता नावाच्या सुती झग्याचा डावा पदर उजव्यावर घ्यायचा. उलटा पदर मृताला घालतात.

*

खर्चाचं खरं सांगा. रेल्वेचा पास काढायचा का?
*एक वाचक, गडहिंग्लज*

बहुतेकांनी काढू नये. सात दिवसांचा देशभराचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेला. टोकियो ते क्योटो नोझोमीचं तिकीट साधारण १४,००० येन. जाऊन येऊन २८,०००. मी सांगते तसे मोजके मुक्काम असतील तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.

खोलीचा भाव वाचताना एक गोष्ट नीट बघा. ऱ्योकान, देऊळ, घरगुती मिन्शुकू यांचा भाव माणशी असतो, खोलीचा नसतो, आणि त्यात बहुधा दोन वेळचं जेवण धरलेलं असतं. आपण खोलीचा आकडा समजून स्वस्त म्हणतो आणि चौघांचं बिल चौपट येतं. शहरात मात्र स्टेशनजवळचं साधं बिझनेस हॉटेल घ्या. खोली एवढीशी असते की दोन बॅगा एकदम उघडता येत नाहीत, पण गरम, स्वच्छ, आणि खाली नाण्यांवर चालणारं धुलाई यंत्र. पैसे वाचवायचे तर शहरात वाचवा आणि डोंगरातल्या एका रात्रीसाठी सैल हाताने खर्च करा.

मोठ्या बॅगा पाठीवर वाहू नका. ताक्क्यूबिन नावाची सोय आहे. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, ती बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचते. बॅगेमागे साधारण दोन-तीन हजार येन. एका रात्रीचं सामान पाठीवरच्या पिशवीत, बस्स. बर्फात चाकांची बॅग ओढणं म्हणजे काय, हे शिराकावा-गोच्या बसथांब्यावर कोणालाही बघता येतं. आणि क्योटोकडे जाणाऱ्या शिनकान्सेनमध्ये लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वरच्या बॅगेला जागेचं आरक्षण लागतं, तेही यात टळतं.

*

माकडं गरम पाण्यात बसतात ते खरं आहे का? त्यांना बाहेर आल्यावर थंडी वाजत नाही का?
*इयत्ता आठवीतली एक वाचक, कसबा बावडा*

खरं आहे. नागानोजवळ जिगोकुदानी नावाच्या दरीत १९६४ पासून त्यांचं उद्यान आहे. त्यांच्यासाठी वेगळं कुंड बांधलंय, माणसांचं कुंड वेगळं. हिवाळ्यात त्यांच्या अंगावर दाट लोकर असते, त्यामुळे कातडीपर्यंत गारवा पोचत नाही, आणि माणसासारखा घामही त्यांना फारसा येत नाही. बाहेर आली की अंग झटकतात आणि एकमेकांची केसं साफ करत बसतात. जायला जंगलातून सुमारे दीड किलोमीटर चालावं लागतं. त्यांच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही, खाऊ दाखवायचा नाही. बाबांना सांग, युदानाकात किंवा शिबु ओनसेनमध्ये राहा. शिबुत मुक्कामाच्या पाहुण्यांना गावातल्या नऊ सार्वजनिक न्हाणीघरांची किल्ली मिळते आणि तू लाकडी खडावा घालून बर्फातून एकेक न्हाणीघर शोधत फिरशील. तू छान प्रश्न विचारलास, असेच विचारत राहा.

*

घरचं मटणाचं लोणचं न्यावं म्हणतोय. चालेल ना?
*एक वाचक, शाहूपुरी*

नाही. जपानमध्ये तपासणीच्या दाखल्याशिवाय कुठलाही मांसाचा पदार्थ नेता येत नाही, शिजवलेला आणि बाटलीबंद असला तरी. विमानतळावर कुत्री हुंगतात आणि कायदा कडक आहे. ताजी फळंही सहसा नेता येत नाहीत. कांदा-लसूण चटणी न्या, दोन पिशव्यांत बांधून. बेचव वाटणाऱ्या भातावर चिमूटभर चटणी आणि तिळाचं तेल, यावर आमच्या घरच्या पुरुषांचे आठ-आठ दिवस निघालेत. मात्र देवळात किंवा आजींच्या घरी वाढलेल्या ताटात ती घालू नका, खोलीत खा.

*

व्हिसा आणि प्रवासाचं थोडक्यात सांगा.
*एक वाचिका, मिरजकर तिकटी*

एप्रिल २०२४ पासून भारतीयांना पर्यटनासाठी जपानचा ई-व्हिसा मिळतो, ९० दिवसांपर्यंतचा. अर्ज अधिकृत केंद्रामार्फत. मिळालेला व्हिसा विमानतळावर मोबाइलवर, इंटरनेट चालू ठेवून, त्यांच्या संकेतस्थळावरच उघडून दाखवावा लागतो. छापील कागद, स्क्रीनशॉट चालत नाही. त्यामुळे परदेशात चालणारं सिम निघण्याआधीच सुरू करून घ्या आणि चार्जिंगची बॅटरी हातातल्या पिशवीत ठेवा.

कोल्हापूरहून महालक्ष्मीने रात्रीत मुंबई गाठता येते. दिल्लीमार्गे जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्यामुळे सकाळची विमानं रखडतात. मुंबई-दिल्ली विमान आदल्या दिवशीचं घ्या आणि ती रात्र दिल्लीत विमानतळाजवळ काढा. टोकियोला उतरलेल्या दिवशी फक्त हॉटेल, आंघोळ आणि झोप एवढाच कार्यक्रम ठेवा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं, आणि पहिल्या दिवशी मुलं दुपारीच पेंगायला लागतात.